लेनोराला पेलेल असं पिस्तूल

मुक्काम बोटीवर, ओहायो नदी, लॉकच्या खाली रांगेत

ती. आयव्हाताई यांस,

ऑर्व्हलचा साष्टांग नमस्कार. (बोटीवरच्या खोलीत माणसाला जेवढं आडवं होता येतं, तेवढाच साष्टांग. बाकीचा मनाने.) तुमचा गुडघा कसा आहे? लेनोरा सांगत होती की डॉक्टरने तुम्हाला जिने चढायचे नाहीत म्हणून बजावलं, आणि तुम्ही त्याचाच जिना चढून वर जाऊन त्याला चार गोष्टी सुनावून आलात. म्हणजे गुडघा बरा असणार. हिरव्या टोमॅटोच्या लोणच्याच्या दोन्ही बरण्या पोचल्या. एक मी बोटीवर घेऊन आलो आणि इथल्या आचाऱ्याने ती दडवून ठेवली. हा माणूस मक्याच्या पावातही साखर घालतो, घेवड्यातही घालतो, आणि स्वतः मात्र कोपऱ्यात बसून तुमचं लोणचं खातो. बरणी मागितली की म्हणतो, कसली बरणी?

पत्रास विशेष कारण काही नाही, हे आधीच सांगून ठेवतो. धुकं उतरलंय, बोटींना वरच्या पाण्यात चढवणाऱ्या लॉकच्या हौदात शिरायला आमच्यापुढे बऱ्याच बोटी आहेत, माझी पाळी संपलीय आणि झोप येत नाही. शिवाय फोनवर तुमच्याशी बोलायचं म्हणजे तुम्ही बोलता आणि मी ‘हो ताई’ म्हणतो. बायकोची थोरली बहीण म्हणजे नात्याने तुम्ही माझ्या आकडसासूबाई, त्यामुळे ते योग्यच आहे, माझी तक्रार नाही. पण मागे तुम्ही फोनवर विचारलंत, की माझी बहीण तिथे महिना महिना एकटी असते आणि तू नदीवर हवा खातोस, घरात काही हत्यारबित्यार तरी आहे की नाही? तेव्हाही मी ‘हो ताई’ म्हणालो. ते उत्तर अपुरं होतं. पुरं उत्तर लिहायला कागदच लागतो.

तुम्ही विचारलंत त्याच आठवड्यात शेजारच्या पर्सेलचा जनरेटर गेला होता. पर्सेल मंडळी चर्चच्या जेवणाला गेली, परत आली तर ओसरीवर जनरेटरच्या जागी चार चौकोनी ठसे. (पर्सेलला जनरेटरपेक्षा जास्त दुःख याचं, की चोरांनी त्याचा कुत्रा पाहिला, कुत्र्याने चोर पाहिले, आणि कुणीच काही बोललं नाही.) मी बोटीवर चार आठवडे, घरी दोन. म्हणजे वर्षातला बहुतेक काळ लेनोरा त्या घरात शिवणाच्या मशीनसोबत एकटी. माझ्याकडे हरणांच्या शिकारीच्या दोन रायफली आहेत आणि वडिलांची एक शॉटगन, पण ती शॉटगन उभी केली की लेनोराच्या कानाला लागते. तेव्हा मी ठरवलं की तिच्यासाठी एक पिस्तूल घ्यायचं. हातात मावेल, पेलेल, रात्री उशाशी राहील.

लेनोरा म्हणाली, नको. का नको? तर म्हणे, “बरण्या उकळताना झाकण वाजलं तरी मी दचकते. शिंक आली की माझे डोळे मिटतात. डोळे मिटून मी कुणाला गोळी घालू?” मी म्हटलं, अगं, शिंकताना सगळ्यांचेच मिटतात. “मग सगळ्यांनीच नको ठेवायला,” असं म्हणून तिने मशीन सुरू केलं. तुम्हाला ठाऊक आहे, तिने मशीन सुरू केलं की वाद संपला. पर्सेलच्या मुलीचं लग्न जवळ आलं होतं आणि आख्ख्या तालुक्यातल्या नवऱ्या पोरी जशा लेनोराकडेच झगे कमरेत घट्ट आणि मग परत सैल करायला येतात, तशी तीही येऊन गेली होती. पण मी हट्टाला पेटलो. तुमचा आवाज कानात होता.

आम्ही हॉलिसच्या दुकानात गेलो. (लेनोरा आली, कारण वाटेत सुईदोऱ्याचं दुकान लागतं.) हॉलिसच्या काउंटरपाशी तीन स्टुलं आहेत आणि त्यांवर तीन निवृत्त म्हातारे सकाळपासून बसलेले असतात. ते कधी काही विकत घेत नाहीत, पण त्यांच्या संमतीशिवाय तिथे कुणी काही घेऊही शकत नाही. मी म्हटलं, बायकोसाठी पिस्तूल हवंय. झालं, पंचांची बैठक सुरू. एक म्हणाला, रिव्हॉल्व्हर द्या, त्यात अडकायला काही नसतं. दुसरा म्हणाला, रिव्हॉल्व्हर आता आजोबा लोक वापरतात. (तो स्वतः पणजोबा आहे.) तिसऱ्याने मला विचारलं, तिचा हात केवढा आहे? लेनोरा माझ्या शेजारीच उभी होती. तिने आपला हात काचेवर ठेवला. तिघांनी वाकून तो पाहिला, आपापसात मान डोलावली, आणि परत माझ्याशीच बोलू लागले.

हॉलिसने मग एक इवलंसं रिव्हॉल्व्हर काढलं. मूठ जांभळट गुलाबी. म्हणाला, “हे खास बायकांचं.”

“यात बायकांचं काय आहे?” लेनोराने विचारलं.

हॉलिसने ते उलटंपालटं करून बघितलं. माणूस प्रामाणिक आहे. म्हणाला, “रंग.” मग जरा सावरून म्हणाला, “आणि लहान आहे, हलकं आहे. पर्समध्ये मावतं.”

“मला घरासाठी हवंय. घर पर्समध्ये मावत नाही.”

पण मला ते पटलं होतं. लहान हात, लहान पिस्तूल. हलकी बाई, हलकं पिस्तूल. चपला घेताना माणूस असाच विचार करतो ना? इथेच मी फसलो. तुम्हालाही सांगून ठेवतो, कारण हे दुकानात कुणी सांगत नाही. पिस्तूल जितकं हलकं, तितका त्याचा झटका जड. जड पिस्तूल धक्का स्वतःच्या अंगावर घेतं, हलकं पिस्तूल तो सगळाच्या सगळा तुमच्या तळहाताला देऊन मोकळं होतं. गावाबाहेरच्या नेमबाजीच्या मैदानावर आम्ही गेलो. लेनोराने कानांवर झाकणं चढवली, मी सांगितलं तसे पाय रोवले, आणि एक गोळी झाडली. गोळी केंटकी राज्यातच कुठेतरी पडली असावी. लेनोराने पिस्तूल समोर तोंड करून टेबलावर नीट ठेवलं (शिस्तीला ती पक्की), ‘झालं’ म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली. मी म्हटलं, एवढं काय आहे त्यात, बघ, आणि उरलेल्या सगळ्या गोळ्या झाडून दाखवल्या. मग घरी येताना गाडी डाव्या हाताने चालवली.

तिचा तळहात सुजला. कितीतरी दिवस तिला सुई धरता येईना. पर्सेलची मुलगी झगा कुठवर आला म्हणून रोज दारात, आणि लेनोरा तिला हात दाखवून म्हणायची, “चोरापासून बचाव चाललाय.”

आता दुसऱ्या पिस्तुलाचं सांगतो. ते जरा नाजूक प्रकरण आहे. हॉलिसच्या काचेच्या कपाटात एक मोठं, काळं, देखणं पिस्तूल होतं आणि माझी नजर त्यावर बरेच दिवस होती. आमच्या भागात एक रीत आहे, तुमच्याकडेही असेल. बायकोच्या वाढदिवसाला, लग्नाच्या वाढदिवसाला नवरे तिच्यासाठी पिस्तूल घेतात. तालुक्यातल्या बायकांना अशी किती पिस्तुलं भेट मिळाली असतील देव जाणे, आणि ती सगळीच्या सगळी नवऱ्यांच्या गाड्यांमध्ये आहेत. हॉलिस काउंटरखाली रिबिनीचं रीळच ठेवतो. मी कपाटाकडे बोट दाखवलं आणि त्याने काही न विचारता रीळ काढलं. स्टुलांवरच्या एका पंचाने विचारलं, “कितवा वाढदिवस?” मी म्हटलं, लग्नाचा विसावा. तो म्हणाला, “आमच्या हिलापण विसाव्यालाच दिलं होतं. फार छान चालतं. मी मागच्याच आठवड्यात चालवलं.”

लेनोराने रिबीन सोडली, गुंडाळून शिवणाच्या डब्यात ठेवली, पिस्तूल पाहिलं आणि मग मला पाहिलं. “छान आहे,” ती म्हणाली. “कधीपासून हवं होतं तुला?”

मी ते ऐकलंच नाही असं दाखवून तिला शिकवायला घेतलं. या जातीच्या पिस्तुलाचा वरचा भाग जोर लावून मागे खेचावा लागतो, त्याशिवाय गोळी आत चढत नाही. तो खेचायला बोटांत, दंडात आणि स्वभावात ताकद लागते. लेनोराच्या स्वभावात आहे. पण बोटं शिवणाची. तिने खेचलं, हललं नाही. रबरी हातमोजा घालून खेचलं. बरण्यांची झाकणं काढायची रबराची चकती लावून खेचलं. मी म्हटलं, धर घट्ट आणि दोन्ही हातांनी उलट ढकल. “म्हणजे चोर आला की त्याला म्हणायचं, दादा, एवढं ओढून देता का?” ती म्हणाली.

नेमका तेव्हा पर्सेल झग्याची चौकशी करायला आला. त्याला वाटलं, आपण दाखवावं. (हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.) त्याने पिस्तूल रिकामं आहे का ते पाहिलं, रिकामंच होतं, मग झोकात खेचलं आणि अंगठा चिमटवून घेतला. रक्त आलं. आणि त्याने हात झटकला तो नेमका मशीनवर पसरलेल्या पांढऱ्या सॅटिनवर, कमरेच्या जागी. स्वतःच्या मुलीच्या लग्नाचा झगा! पर्सेलचा चेहराही सॅटिनसारखा झाला. लेनोरा मात्र शांत. शिवणाऱ्यांचं एक शास्त्र आहे म्हणे: ज्याचं रक्त, त्याच्याच थुंकीने डाग निघतो, दुसऱ्याची चालत नाही. तिने पर्सेलला खुर्चीवर बसवलं, एक कोरी चिंधी हातात दिली आणि म्हणाली, थुंक. पर्सेल लाजेने मरायला टेकला. माणूस चर्चमध्ये दानाची थाळी फिरवतो. पण थुंकला. डाग निघाला. लग्नात कुणालाच काही कळलं नाही, फक्त वडील मुलीला हाताला धरून नेताना सारखे तिच्या कमरेकडे का बघत होते, असं पर्सेलची बायको मला विचारत होती.

यानंतर लेनोराने प्रकरण आपल्या हातात घेतलं. कापडाच्या दुकानात तिला डनवे म्हणून एक बाई भेटल्या, त्या जत्रेच्या मैदानावर बायकांना पिस्तूल चालवायला शिकवतात. ज्या हॉलमध्ये एरवी केक आणि भोपळ्यांना बक्षिसं देतात, तिथेच वर्ग. दारावर पाटी: नवऱ्यांनी बाहेर थांबावं. आम्ही नवरे बाहेर थांबलो. गाड्यांची मागची फळकुटं उघडून त्यावर बसलो, उकडलेल्या शेंगा सोलल्या, आणि आपापल्या बायकोला कोणतं पिस्तूल आवडतं ते एकमेकांना मोठमोठ्याने सांगितलं. आतून मधूनमधून गोळ्यांचे नव्हे तर हसण्याचे आवाज येत होते, त्याने सगळेच अस्वस्थ झाले. एक जण म्हणाला, “आपल्याबद्दलच हसत असतील.” दुसरा म्हणाला, “तुझ्याबद्दल असतील. माझी बायको घरी पण हसते.”

तासाभराने बायका मागच्या मैदानावर गेल्या, मग गोळ्यांचेही आवाज आले. वर्ग संपल्यावर लेनोरा बाहेर आली ती सांगतच: “मिळालं.” डनवेबाईंनी टेबलावर बरीच पिस्तुलं मांडून ठेवली होती, नाव, किंमत काही न सांगता. प्रत्येकीने सगळी हाताळायची आणि हाताला विचारायचं. लेनोराच्या हाताने निवडलेलं पिस्तूल मी पाहिलं आणि माझं तोंड उतरलं. मध्यम आकाराचं, राखाडी, कुणाचं तरी वापरलेलं, मुठीवर ओरखडे. अंगाने जाडजूड, आणि गोळी मात्र लहान. वरचा भाग दोन बोटांनी सरकतो. मी म्हटलं, अगं, या गोळीने काय होणार? ती म्हणाली, “ऑर्व्हल, तुझ्या मोठ्या गोळीने मी केंटकीला मारते. हिने मी कागदाला मारते.” आणि घडी उलगडून कागद दाखवला. सगळी भोकं बशीएवढ्या जागेत.

“डोळे?” मी विचारलं.

“उघडे. शिंक नव्हती आली.”

ताई, खरं सांगतो, मला अभिमान वाटला. आणि थोडा अपमानही वाटला, पण अभिमान जास्त. मी म्हटलं, चला, काम फत्ते. आयव्हाताईंना कळवून टाकू. पण डनवेबाईंनी घरचा अभ्यास दिला होता. त्यांचं म्हणणं, पिस्तूल निवडणं सगळ्यात शेवटचं. आधी घरातल्या सगळ्यांनी मिळून बसायचं आणि ठरवायचं, की रात्री कोणत्या दारातून कोण येऊ शकतं, आणि तेव्हा आपण कुठे असू. आमच्या घरात सगळे म्हणजे आम्ही दोघं. जेवण झालं, लेनोराने ताटल्या बाजूला सारल्या आणि टेबलावर घर मांडलं. साखरेचं भांडं ही झोपायची खोली. मीठदाणी पुढचं दार. मिरीदाणी मागची ओसरी. मग डब्यातून एक काळं बटण काढून तिने ते मिरीदाणीपाशी ठेवलं.

“इथून रात्री कोण येतं?”

“चोर,” मी म्हणालो.

“कधी आला होता?”

“अजून आला नाही. पण येऊ शकतो.”

“ते राहू दे. आजवर कोण कोण आलंय?”

मी विचार केला. वादळात एकदा पर्सेलचा कुत्रा आला होता, तेवढं सांगितलं.

“आणि?”

मग माझ्या लक्षात आलं. म्हटलं, “आणि मी.”

तुम्हाला नदीवरच्या माणसांची रीत माहीत आहे. पाळी संपली की कंपनीची गाडी ज्या गावाच्या घाटावर बोट असेल तिथून माणसं उचलते आणि एकेकाला घरी सोडते. कधी सोडते ते देवाला आणि गाडीवानालाच ठाऊक. मी बहुधा रात्री दोनला, तीनला पोचतो. आणि मला स्वतःचं फार कौतुक होतं, की इतक्या वर्षांत एकदाही मी लेनोराची झोप मोडली नाही. गाडी रस्त्याच्या टोकाशीच थांबवायला सांगतो, इंजिनाचा आवाज नको म्हणून. बूट ओसरीवर काढतो. दार जरा उचलून उघडतो, म्हणजे बिजागरी कुरकुरत नाही. (बिजागरीला तेलही मीच घालतो.) दिवा लावत नाही. मधल्या फळ्या वाजतात, म्हणून भिंतीच्या कडेकडेने मोज्यांवर चालतो. हे सगळं मी तिला तेव्हा मोठ्या ऐटीत सांगितलं.

लेनोरा बटणाकडे बघत होती. म्हणाली, “मी दर वेळी जागी असते.”

“दर वेळी?”

“आधी पायरी वाजते. मग काहीच वाजत नाही. ते काहीच न वाजणं किती लांब असतं ठाऊक आहे तुला? मी अंधारात पडून मनात म्हणत असते, ऑर्व्हल असेल. ऑर्व्हलच असेल. मग तू अंथरुणात शिरतोस, आणि मी झोपल्याचं सोंग करते.”

“सोंग कशाला?”

“एवढा जपून आलेला असतोस. तुझा हिरमोड नको.”

तिने बटण उचललं आणि भिंतीच्या कडेकडेने, म्हणजे टेबलाच्या काठाकाठाने, साखरेच्या भांड्यापर्यंत आणलं. “आता इथे पिस्तूल असणार. मला नीट मारताही येतं. तू आणि ताई म्हणता, दारातून कुणी चोरपावलांनी आलं तर उपयोगी पडेल. त्या दारातून चोरपावलांनी येणारा आख्ख्या जगात एकच माणूस आहे. मग सांग, यापुढे मी ‘ऑर्व्हलच असेल’ म्हणू की नको म्हणू?”

चोर सोडून संन्याशाला फाशी ऐकलं होतं. आपणच तो संन्यासी हे त्या रात्री कळलं. पण मला भीती वाटली त्याहून वाईट जास्त वाटलं, ताई. मी तिला सांभाळतोय असं समजून जे जे केलं, त्या प्रत्येकाने ती घाबरत होती. आणि घाबरून वर मलाच सांभाळत होती.

मग आम्ही उपाय ठरवला, की यापुढे आवाज करत यायचं. हमरस्त्यावरूनच फोन करायचा. ठरलं. पुढच्या खेपेला मी आलो तर फोनमधली बॅटरी संपलेली. मी फाटकापाशी उभा राहून विचार केला, आता हाका मारल्या तर ती आणखी घाबरेल. गावं हे बरं. चर्चमधलं जे पहिलं आठवलं ते खच्चून म्हणायला लागलो. माझा आवाज कसा आहे ते तुम्ही ईस्टरला ऐकलंय. पर्सेलचा कुत्रा, जो चोरांपुढे गप्प बसला होता, तो जिवाच्या आकांताने भुंकला. रस्त्यावरच्या सगळ्या घरांत दिवे लागले. पर्सेल आतल्या चड्डीवर, हातात शॉटगन घेऊन बाहेर. “कोण आहे तिकडे?”

“मी ऑर्व्हल!”

“चल, खोटं बोलू नकोस! ऑर्व्हल असा येत नाही! ऑर्व्हल आलेला कुणाला कळत पण नाही!”

शेवटी लेनोरा गाऊन गुंडाळून ओसरीवर आली, दिवा वर धरला, मला नीट न्याहाळलं आणि पर्सेलला ओरडून सांगितलं, “आमचाच आहे. येऊ दे त्याला.” आत गेल्यावर म्हणाली, गाणं ओळखीचं होतं पण आवाजावरून खात्री होईना. त्या रात्री आम्ही दोघंही फार हसलो. पण सकाळी उठल्यावर मी पाहिलं, खिडकीपाशी तिची खुर्ची होती, शिवण होतं आणि थंड झालेली कॉफी होती. ती झोपलीच नव्हती. कधी येईन ते माहीत नसताना आवाज करत येणाऱ्याचीसुद्धा वाट बघावीच लागते.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं पुरं उत्तर असं: हो ताई, घरात हत्यार आहे, ते चांगलं आहे, आणि तुमच्या बहिणीला ते उत्तम येतं. धुकं जरा विरळ झालंय आणि पुढची बोट हललेली दिसते, म्हणून आवरतो. गुडघ्याला जपा, निदान डॉक्टरच्या जिन्यावर तरी. मांजरीच्या पाठीवरून माझ्यातर्फे हात फिरवा, ती फिरवू देईल तर.

तुमचा आज्ञाधारक,
ऑर्व्हल

ता. क. जांभळ्या मुठीचं रिव्हॉल्व्हर हॉलिस परत घ्यायला तयार नाही. पंचांचाही विरोध आहे. तुम्हाला हवंय का? तुमचं मनगट लेनोरापेक्षा भक्कम आहे, आणि रंग तुमच्या पडद्यांना जुळेल.

ता. क. २. पत्रास विशेष कारण नाही असं वर लिहिलंय, ते तेवढं खोडलेलं समजा. तुम्ही ज्या वाळूच्या धक्क्याचं ऑफिस सांभाळता, तिथल्या छोट्या बोटीवर दिवसपाळीला माणूस हवा होता, आणि तुम्ही माझं नाव सुचवलं होतंत. तेव्हा मी म्हणालो होतो की वाळू इकडून तिकडे ढकलायला मी काय म्हातारा झालोय? झालोय, ताई. जागा अजून भरली नसेल तर मालकांच्या कानावर घाला. पुलापलीकडेच तर आहे, रोज संध्याकाळी उजेडात घरी येता येईल. पगार ते देतील तो.

ता. क. ३. ही घाई का, तेही सांगतो. या खेपेला निघण्याआधी लेनोराने पिस्तुलासाठी एक लहान पोलादी पेटी आणली. वर आकड्यांची बटणं असतात, बरोबर दाबली की झाकण उघडतं. नंबर तिनेच लावला. मी आमच्या लग्नाची तारीख दाबून पाहिली, तिचा वाढदिवस पाहिला, तुमचा फोन नंबरसुद्धा पाहिला. शेवटी विचारलं, नंबर काय ठेवलायस? ती सुईत दोरा ओवत होती. अजिबात रागाने नाही, अगदी साधेपणाने म्हणाली, “घरात राहणाऱ्याला ठाऊक असला म्हणजे झालं.”

उत्तर बोटीवर पाठवू नका, घरच्या पत्त्यावर पाठवा. तिने आधी उघडून वाचलं तरी चालेल.